लाल दिवा कुणासाठी लागतो?

गेल्या जुलैत शेजारच्या वहिनींचं नेट तीन दिवस बंद होतं. सोमाटणे फाट्यापासून आत, चौराईच्या डोंगराकडे तोंड करून आमची दोन घरं आहेत. मध्ये एकच भिंत. वहिनींचं वय बहात्तर, मुलगा आणि नातवंडं जर्मनीत. रोज रात्री साडेनऊला तिकडून व्हिडिओ कॉल येतो आणि त्या एका कॉलसाठीच त्यांनी घरात नेट घेतलंय. पहिल्या दिवशी त्यांनी तक्रारीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या मुलानं सांगितलं, बॉक्स बंद करा आणि पाच मिनिटांनी चालू करा. त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं की मागच्या बाजूला बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा. वहिनींनी केसातली पिन काढून तेही केलं. नेट आलं नाहीच, उलट पेटीत भरलेली सगळी माहिती पुसली गेली आणि वायफायचं नावसुद्धा बदललं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. टीव्हीच्या कपाटावर पांढरी पेटी, तिच्या पुढच्या अंगाला सात दिवे. त्यातला एक लाल होता आणि एकसारखी उघडझाप करत होता. त्याच्याखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, एलओएस. मी विचारलं, "वहिनी, हा लाल दिवा कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून आहे, भाऊजी. मला वाटलं, चालू असल्याचा दिवा असेल."

मी १९८२ ते २०१६ मध्य रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात मेंटेनर होतो. पुणे ते लोणावळा आणि पुढे घाटात, पावसात, धुक्यात, मध्यरात्री, दिवा लागला की नाही आणि लागला तर बरोबर लागला की नाही, एवढंच चौतीस वर्षं बघितलं. त्यामुळे वहिनींचं ते वाक्य माझ्या मनाला फार लागलं. एक दिवा तीन दिवस लुकलुकत होता. बिघाड नेमका कुठं आहे ते तो पहिल्या मिनिटापासून सांगत होता. ज्यांच्या घरात तो लागला होता त्यांना त्याचा अर्थ कुणी कधी सांगितला नव्हता. आणि ज्यांना अर्थ ठाऊक होता त्यांनी फोनवर तो विचारलाच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या घरात पेटी बसवता, त्याला तिच्यावरचे दिवे वाचता आले पाहिजेत. ते शिकवणं हा जोडणी देण्याच्या कामाचाच भाग आहे, जसं गॅसची शेगडी जोडून देणारा माणूस रेग्युलेटर कसा बंद करायचा ते दाखवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

आता त्या लाल दिव्याचा अर्थ. घरात येते ती पिवळी बारीक वायर तांब्याची नाही, काचेची आहे. केसाएवढी काच, १२५ मायक्रॉन जाडीची, आणि तिच्या पोटात साधारण ९ मायक्रॉनची वाट, ज्यातून प्रकाश धावतो. काच म्हटली की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना आठवतो. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली तो उभा राहिला. आपल्या लोकांना काच करता आली पाहिजे, ही त्यामागची तळमळ होती. आज त्याच तळेगावच्या बाजूनं विजेच्या खांबांवरून काचेची तार आमच्या घरापर्यंत येते. तिच्यातून येणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. कंपनीकडून घराकडे येतो तो १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून परत जातो तो १३१० नॅनोमीटरचा, दोन्ही आपल्या नजरेच्या पलीकडचे. म्हणून तर पेटीवर दिवा लागतो. आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची खबर तो दिसणाऱ्या प्रकाशात देतो.

एलओएस म्हणजे प्रकाश हरवला. आमच्याकडची जोडणीची पोरं त्याला नुसतं 'लॉस' म्हणतात, "काका, लॉस मारतोय का?" असं विचारतात. हा दिवा विझलेला असला की सगळं ठीक. लाल लुकलुकला की तारेतून पेटीपर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही. किती प्रकाश लागतो? अशा पेटीची नेहमीची मर्यादा उणे २७ डीबीएम. साध्या भाषेत सांगायचं तर एका वॅटचा पाच लाखावा भाग. एवढ्याशा उजेडावर पेटी काम करते, पण त्याच्याही खाली गेलं की तिला काही उमजत नाही. आणि तेवढा उजेड घालवायला तार तुटावीच लागते असं नाही. काचेची तार बोटाएवढ्या गोलाईत वळवली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. उंदरानं चावली, कनेक्टरवर धूळ बसली, खांबावरच्या जोडात पाणी गेलं, तरी तेच.

वहिनींच्या बाबतीत आदल्याच आठवड्यात घराला रंग दिला होता. कामगारांनी कपाट परत लावताना ते भिंतीला घट्ट टेकवलं आणि पिवळी वायर मागे चेपली गेली. मी आणि माझा मुलगा दोघांनी कपाट चार बोटं पुढं ओढलं. लाल दिवा विझला. शेजारचा हिरवा, ज्याच्याखाली पॉन लिहिलंय, तो लुकलुकायला लागला आणि मिनिटभरात स्थिर झाला. बिघाड तीन दिवसांपूर्वीच, कपाट हलवून, दोन मिनिटांत निघाला असता.

तरी नेट आलं नाही. कारण मधल्या काळात केसातल्या पिनेनं पेटीची ओळख, म्हणजे आत भरलेलं ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड, पुसून टाकली होती. ती परत भरायला चौथ्या दिवशी माणूस यावा लागला. टाचणीचं ते भोक म्हणजे पेटीला कारखान्यातून आली तशी कोरी करायची कळ आहे. तार दबली असेल तर ती कळ दाबून काहीही होत नाही. बहात्तर वर्षांच्या बाईला दिवा न विचारता ती कळ दाबायला लावणं ही गंभीर चूक आहे, आणि मला अजूनही त्याचा राग येतो.

राग जास्त येण्याचं कारण वेगळं आहे. तक्रार केंद्राला वाटलं तर फोनवर न विचारताही बरंच कळू शकतं. ज्या पद्धतीनं आपल्याकडे घरोघरी काचेची तार आली, तिला जीपॉन म्हणतात. तिचं आंतरराष्ट्रीय मानक २००३मध्ये आलं. एका तारेतला प्रकाश खांबावरच्या किंवा डब्यातल्या स्प्लिटरमध्ये वाटला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांना जातो. पलीकडच्या टोकाला कंपनीचं यंत्र असतं, ते २० किलोमीटरपर्यंत लांब असू शकतं, आणि त्या यंत्राला प्रत्येक घरची पेटी हजर आहे की नाही हे सतत कळत असतं. यातली एक गोष्ट वाचली तेव्हा मी थक्क झालो होतो. घरातली लाइट गेली की पेटी बंद पडायच्या आधी, आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या थोड्याशा विजेवर, एक शेवटचा निरोप पाठवू शकते, माझी वीज गेली. इंग्रजीत त्याला शेवटचा श्वास असंच म्हणतात. असा निरोप आला तर घरात वीज नाही. निरोप न येता पेटी गप्प झाली तर तार दुखावली. एकाच स्प्लिटरवरची दहा घरं एकदम गप्प झाली तर बिघाड घरात नाही, रस्त्यावर आहे. इतकी सोय यंत्रात आहे. मग वहिनींना तीन दिवस बंद-चालू करायला का लावलं?

रेल्वेत हे चाललं नसतं. मी नोकरीला लागलो तेव्हा अजून हाताचे सिग्नल होते, पत्र्याचा हात वर-खाली व्हायचा आणि रात्री त्याच्यामागे घासलेटचा दिवा. नंतर रंगीत दिवे आले, मग बल्ब जाऊन एलईडी आले. साधनं बदलली, पण दिव्याविषयीचे नियम बदलले नाहीत. त्यातला पहिला नियम आम्हाला शिकवला तो असा: विझलेला सिग्नल हा मोकळा सिग्नल समजायचा नाही. जिथं सिग्नल असायला हवा तिथं अंधार दिसला तर त्या सिग्नलचा सगळ्यात कडक अर्थ घ्यायचा, म्हणजे थांबायचं. दुसरं, स्टेशनच्या सिग्नलचा लाल दिवाच गेला तर त्याच्या मागचा सिग्नल आपोआप लाल व्हायला हवा. दिवा लागला आहे की नाही हे तपासायला वेगळा रिले असतो. तिसरं, इंजिनातली दोन माणसं प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगतात. एकानं बघितलं म्हणजे झालं, असं नाही.

या नियमांमागे जुने अपघात आहेत. इंग्लंडात रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा आणि हिरवा म्हणजे जपून, अशी रीत होती. पण लाल काच फुटली किंवा निसटली की आतला दिवा पांढराच दिसायचा, आणि धोक्याचा सिग्नल मोकळा वाटायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकात पांढऱ्याला रजा मिळाली आणि हिरव्याला मोकळ्याचा मान मिळाला. चांगली बातमीसुद्धा दिव्यानं दिली पाहिजे. नुसता अंधार चांगली बातमी देऊ शकत नाही.

हा नियम घेऊन मी घरातल्या पेटीकडे बघतो तेव्हा एक उणीव दिसते. लॉसचा दिवा विझलेला म्हणजे ठीक, असं गृहीत धरलंय. तो दिवाच जळाला तर? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी पॉन बघा. पॉन स्थिर हिरवा असेल तर तार नीट आहे आणि पलीकडच्या यंत्रानं तुमच्या पेटीला ओळखलंय. पॉन लुकलुकत असेल तर पेटी दार वाजवतेय पण आत घेतलेलं नाही. पॉन विझलाय आणि लॉस लाल आहे, तर तार बघा. दोन दिवे मिळून एक वाक्य होतं, एकट्या दिव्यावर भरवसा ठेवू नये.

लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा वायफायच्या दिव्यापाशी होतो. नात मला फोन दाखवते, "आजोबा, रेंज फुल आहे, तरी चालत नाही." वायफायचा दिवा हिरवा आहे, फोनवर सगळे पट्टे आहेत, मग नेट का नाही? याला माझ्या कामातलं उदाहरण जवळचं आहे. तळेगाव आणि घोरावाडी या दोन स्टेशनांमधला जो टापू, त्याची खबर देणारं यंत्र तेवढ्याच टापूचं सांगतं. पुढं देहूरोडपर्यंत काय चाललंय याची त्याला कल्पना नसते, आणि कुणी त्याला विचारूही नये. पेटीवरचे दिवे तसेच आहेत. वायफायचा दिवा सांगतो तो फक्त पेटी ते फोन एवढाच टापू, तुमच्या घरातला. पॉन आणि लॉस सांगतात तो पेटी ते कंपनीचं यंत्र हा टापू, रस्त्यावरचा. आणि इंटरनेट लिहिलेला दिवा सांगतो तो त्याच्या पलीकडचा. वायफाय हिरवा, पॉन हिरवा आणि इंटरनेट लाल किंवा विझलेला असेल तर तारेला हात लावू नका. रिचार्ज संपलाय का ते बघा, नाहीतर पेटीतलं नाव-पासवर्ड गेलंय, नाहीतर कंपनीकडेच काहीतरी बंद आहे. पट्टे फुल असणं म्हणजे फोनचं पेटीशी बोलणं नीट चाललंय, एवढंच.

लॅनच्या दिव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वायर खोचली की लागतो, माहिती ये-जा करायला लागली की फडफडतो. फडफडणारा दिवा बघून पुष्कळ लोक घाबरतात. इथं फडफड चांगली आहे. तेच पॉनची फडफड वाईट आहे. एकाच पेटीवर एकाच रंगाची तीच हालचाल एका दिव्याला सुखाची आणि शेजारच्याला दुःखाची, हे माणसानं स्वतःहून कसं ओळखायचं? ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला ते कळणारच नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

अर्थ समजला की माणूस दिवा मन लावून बघतो, हे मी अनुभवलंय. आमच्या विजेच्या मीटरवरही एक बारीक लाल दिवा आहे. त्याच्याजवळ ३२०० हा आकडा छापलाय. तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. दोन हजार वॅटचा गीझर लावला की तो सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतो. हे एकदा नातीला दाखवलं. तेव्हापासून अंघोळ झाली की ती स्वतः जाऊन गीझर बंद करते, मला ओरडावं लागत नाही.

रंगांचा प्रश्न वेगळा आणि तोही महत्त्वाचा. माझ्या घरी पेटीवर सगळं ठीक असलं की हिरवे दिवे असतात. फाट्यावरच्या एका दुकानात बघितली त्या पेटीवर ठीक असल्याचा दिवा निळा आहे. मुलीकडे पिंपरीत पांढरा आहे, आणि एकच दिवा कधी लाल, कधी पिवळा, कधी पांढरा होतो. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी १९६२मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला. चांगला उजेड देणारा निळा एलईडी व्हायला मात्र १९९०चं दशक उजाडावं लागलं आणि तो करणाऱ्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं. शोध मोठाच आहे. पण निळा दिवा हाताशी आला म्हणून पेट्या करणाऱ्यांनी तो शोभेसाठी वापरायला सुरुवात केली, आणि निळ्याचा अर्थ काय हे त्यांनी ठरवलं नाही. खरं तर अर्थ आधीच ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाचं ६००७३ क्रमांकाचं मानक दिव्यांच्या रंगांचे अर्थही सांगतं. लाल धोक्यासाठी, पिवळा काहीतरी बिनसल्यासाठी, हिरवा ठीक असल्यासाठी. कारखान्यातल्या पॅनेलवर हे पाळलं जातं. घरातल्या पेटीवर का पाळू नये?

आणि ज्याला लाल-हिरवा ओळखताच येत नाही त्याचं काय? रेल्वेत भरतीच्या वेळी डॉक्टर ठिपक्यांची इशिहारा चित्रं दाखवतात, कंदिलाची चाचणी घेतात, आणि ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याला गाडी चालवायला देत नाहीत. माझ्याबरोबर परीक्षेला आलेला एक मुलगा त्या दिवशी रडत परत गेला होता. घरात पेटी बसवताना अशी परीक्षा कुणी घेत नाही, घेऊही नये. हा दोष पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. टाचणीच्या डोक्याएवढा एकच दिवा हिरव्याचा लाल होतो तेव्हा अशा माणसाला काहीच बदललेलं दिसत नाही. त्याच्यासाठी वेगवेगळे दिवे, वेगवेगळ्या जागी, आणि खाली वाचता येईल असं अक्षर लागतं.

अक्षर मराठी असलं पाहिजे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून आपण २०२२मध्ये कायदा दुरुस्त केला. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या इथं पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण जी वस्तू चोवीस तास घरात लुकलुकते तिच्यावर एक मराठी अक्षर नाही. मी मोठं काही मागत नाही. पेटीच्या वरच्या अंगाला चिकटवायची एक मराठी चिठ्ठी: वीज, तार जुळली, प्रकाश नाही, बाहेरचं नेट, घरातलं वायफाय. प्रत्येकापुढे तीन शब्द, स्थिर असेल तर काय, लुकलुकला तर काय, विझला तर काय. खाली एक ओळ ठळक: भोकात टाचणी घालू नका. आणि आणखी एक: हिरव्या टोकाची वायर उपसून तिच्यात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळा आपोआप मिटतही नाही.

पेटी बाजारात येण्याआधी दूरसंचार खात्याच्या टीईसी या संस्थेच्या योजनेतून तपासून प्रमाणित व्हावी लागते. तपासणीच्या यादीत एवढ्या तीन अटी घातल्या तर कुणाचं काही मोडत नाही. दिव्यांचे रंग एकसारखे हवेत, ठीक असल्याची खबर लागलेल्या दिव्यानं द्यावी, आणि ज्या राज्यात पेटी बसेल त्या राज्याच्या भाषेत चिठ्ठी असावी. तक्रार केंद्रासाठी तर कुठल्या प्रमाणपत्राचीही गरज नाही. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न बदलायचा: "कोणता दिवा कसा दिसतोय?" बंद-चालू करायला सांगणं चूक नाही, पेटी अडकली असेल तर त्यानं सुटते. पण लॉस लाल असताना ते सांगणं म्हणजे रूळ तुटलेला असताना इंजिनात पाणी भरायला सांगणं.

यात तार जोडणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, हे मुद्दाम लिहितो. मावळात जूनपासून पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. भाताची आवणी चालू असते, बांध चिखलात बुडालेले असतात आणि ही पोरं मोटारसायकलला शिडी बांधून भर पावसात खांब शोधत फिरतात. रेनकोटच्या आत पोटाशी जोडाचं यंत्र धरलेलं असतं. केसाएवढ्या काचेची दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडायची, वरून पाणी ठिबकतंय, एका हातात छत्री. मी खांबावर काम केलंय, मला त्या हातांची किंमत कळते. अशा पोराला दहा किलोमीटर लांब बोलावून त्यानं फक्त कपाट पुढं ओढायचं, हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. घरच्यांनी दिवे बघून फोनवर नीट सांगितलं तर त्याला यंत्र घेऊन यायचं की नुसता पासवर्ड भरायचा, घरात यायचं की थेट खांबाकडे जायचं, हे निघण्याआधीच कळेल.

खोदाईचंही तसंच. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला कायम काहीतरी खोदणं चालू असतं, आणि जेसीबीच्या एका दातानं पाचपन्नास घरांचे लॉस एकदम लाल होतात. खोदण्याआधी जमिनीखाली कुणाच्या तारा आहेत ते कळावं म्हणून केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. चांगली गोष्ट आहे. खोदणाऱ्यानं ते उघडलं पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं मनावर घ्यायला नेट म्हणजे काय रेल्वे आहे का? दिव्याच्या चुकीनं इथं माणसं मरत नाहीत, हे खरं. पण २०२५पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आणि माझी नात त्याच वर्षी दहावी पास झाली. पसंतीची कॉलेजं भरायची शेवटची तारीख जवळ आलेली, आणि आमच्या गल्लीत आदल्या रात्रीपासून नेट नाही. चार घरांतली पोरं आईबापांच्या गाडीवर बसून पावसात फाट्यावर गेली. ज्या घरात गाडी नाही त्या घरातलं पोर काय करेल? सून घरून काम करते, तिचा दिवस बुडाला तर पगारातून जातो. वहिनींचं तर दिवसभरातलं एकच सुख साडेनऊला असतं. त्यांच्यासाठी ती वायर म्हणजे कोपऱ्यातली चैनीची वस्तू नाही.

त्या जुलैनंतर मी वहिनींना दिवे शिकवले. शिकवायला एक दुपार लागली, तीही चहासकट. रेल्वेत शिकवत तसंच शिकवलं, बोट ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. पॉवर हिरवा, स्थिर. पॉन हिरवा, स्थिर. लॉस विझलेला. त्यांनी जुन्या वहीचं पान फाडून स्वतःच्या अक्षरात एकेका दिव्यासमोर अर्थ लिहिला आणि पान पेटीखाली ठेवलं.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी वादळ झालं. माझ्याकडे लॉस लाल झाला. मी अंगणात येऊन भिंतीवरून हाक मारणार, तेवढ्यात वहिनीच बाहेर आल्या. "भाऊजी, पॉवर हिरवा आहे, पॉन विझला, लॉस लाल. तुमच्याकडे?" माझ्याकडेही तेच होतं. दोन घरं, दोन्हीकडे एकाच वेळी लाल, म्हणजे बिघाड कुणाच्याच घरात नव्हता. तक्रारीचा फोन त्यांनीच लावला. बंद-चालू करायला सांगायच्या आधीच त्यांनी पलीकडच्याला दिवे वाचून दाखवले, शेजारच्या घराचेही सांगितले. दुपारी दोन पोरं आली. ती आमच्या दारात न थांबता सरळ ओढ्याजवळच्या खांबाकडे गेली. सुबाभळीची फांदी तारेवर पडली होती. तासाभरात लाल विझला.

वहिनींच्या त्या पानावर सहा ओळी भरल्या आहेत. सातवी, डब्ल्यूपीएसची, अजून कोरी आहे. त्या दुपारी चहा झाला आणि ती राहून गेली. रविवारी या, असं त्यांनी सांगितलंय.